टिकणारा धागा, न टिकणाऱ्या नळ्या

कापसाचा धागा चांगला कशामुळे होतो, या प्रश्नावर छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका घरात दोन मतं आहेत. मामा कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. एकाधिकार खरेदीच्या काळात जिल्ह्यातल्या केंद्रांवर त्यांनी हाताने धागा ओढून कापसाची प्रत ठरवली. भाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. पेशीच्या आतला प्रथिनांचा सांगाडा कसा उभा राहतो आणि कसा मोडतो, हा तिचा विषय. मामा म्हणतात, धाग्याची किंमत त्यात जे उरलं त्यात असते. भाची म्हणते, ती किंमत ठरवणारं जे काही होतं ते धाग्यात उरलेलंच नसतं. त्यांचा वाद असा.

मामा : नोकरीभर मी एकच काम केलं. ढिगातून कापूस उचलायचा, सरकीवरून रुईचा पुंजका सोडवायचा, दोन्ही चिमटीत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. धागे समांतर बसले की लांबी दिसते. तुटताना बोटाला जो हिसका बसतो त्यावरून ताकद कळते. हातात जे आहे त्याची प्रत लावायची, बास. तू म्हणतीस, खरं कारण त्यात नाहीच. मग नसलेल्या वस्तूची प्रत लावायची कशी?

भाची : प्रत तुम्ही बरोबरच लावत होता, मामा. मी कारणाचं बोलतेय. तुमच्या चिमटीतला प्रत्येक धागा म्हणजे एकेकाळची एक जिवंत पेशी. फूल उमलतं त्याच सुमारास कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात. एका सरकीवर अशा दहा हजारांहून जास्त. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी आणि लांबी वाढत वाढत २८-३० मिलिमीटर. भराच्या दिवसांत ही पेशी दिवसाला दोन मिलिमीटरच्या आसपास लांबते.

मामा : ते मला शिकवू नको. कच्चं बोंड फोडलं की आत ओलं, चिकट पुंजकं निघतं. अजून रुई झालेली नसते.

भाची : त्या ओल्या दिवसांतच सगळं ठरतं. पिकलेल्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, पण नुसत्या सेल्युलोजने धागा होत नाही. सेल्युलोजचे बारीक तंतू पेशीच्या भिंतीत कुठल्या दिशेने बसतात त्यावर सगळं अवलंबून. सुरुवातीला ते आडवे बसतात, पेशीचा घेर आवळून धरतात. म्हणून आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी फुगत नाही, लांबत जाते. पुढे लांबणं थांबत आलं की तेच तंतू तिरके, मळसूत्रासारखे बसायला लागतात आणि भिंत जाड होते. लांबी पहिल्या कामातून येते, ताकद दुसऱ्यातून.

मामा : आणि ही दिशा कोण सांगतं?

भाची : पेशीच्या आत, पातळ पडद्याला अगदी चिकटून, प्रथिनांच्या नळ्या असतात. सूक्ष्मनलिका. एकेक नळी २५ नॅनोमीटर रुंद. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे जोड-कण एकापुढे एक लागून रांग होते आणि बहुधा तेरा रांगा मिळून नळी होते. एक कण आठ नॅनोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या नळीत १,६२५ कण. पडद्याच्या आतून या नळ्या धावतात आणि पडद्यातच रुतलेली सेल्युलोज बनवणारी यंत्रणा त्यांच्या रोखाने सरकत तंतू सोडत जाते.

मामा : हे कुणी पाहिलं, का अंदाज?

भाची : आधी अंदाज, मग पाहिलं. १९६२ मध्ये पॉल ग्रीन यांनी नायटेला नावाच्या शेवाळाच्या लांबट पेशीला कोल्चिसिन नावाचं, पेशीचं विभाजन अडवणारं विष दिलं. पेशी लांबायची सोडून चेंडूसारखी फुगली. त्यावरून त्यांनी म्हटलं, सेल्युलोजला दिशा देणारं काहीतरी पेशीरसात असलं पाहिजे आणि पेशी विभागताना जे धागे दिसतात त्याच जातीचं असलं पाहिजे. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतीच्या पेशीत या नळ्या दिसल्या, भिंतीतल्या तंतूंना समांतर. सेल्युलोजची यंत्रणा त्यांच्यावरून प्रत्यक्ष सरकताना दिसायला मात्र २००६ साल उजाडलं. परेडेझ, सॉमरव्हिल आणि एअरहार्ट यांनी त्या यंत्रणेला चमकणारं प्रथिन जोडलं आणि जिवंत पेशीत तिचा प्रवास टिपला.

मामा : म्हणजे सेंट्रिंग! स्लॅब टाकताना फळ्या लावतात, बल्ल्या उभ्या करतात. स्लॅब आवळला की काढून टाकतात. सेंट्रिंग लागतं, मी नाही म्हणत नाही. पण घर विकत घेताना कुणी विचारतं का, सेंट्रिंगला लाकूड कुठलं होतं?

भाची : सेंट्रिंग म्हटलं की निम्मं बरोबर आणि निम्मं चूक. सेंट्रिंग स्लॅब आवळेपर्यंत जागचं हलत नाही, आणि हललं तर स्लॅब बसतो. इथे काम चालू असतानाच नळ्या मोडत असतात. एखादी नळी एका टोकाने मिनिटाला काही मायक्रॉन वाढत जाते, मग एकदम ढासळते. ढासळण्याचा वेग वाढण्याच्या वेगापेक्षा जास्त. थोड्या वेळाने तीच नळी पुन्हा वाढायला लागते किंवा पुरती नाहीशी होते. शेजारची वाढत असते तेव्हा ही मोडत असते. १९८४ मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी प्राण्यांच्या ट्युब्युलिनमध्ये हे दाखवलं. त्याआधी समज असा होता की मिठाचा खडा पाण्यात हळूहळू वाढतो-विरघळतो तसं काहीतरी होत असेल, सगळ्या नळ्यांचं सरासरीने सारखं. तसं नव्हतं. एकाच वेळी काही वाढणाऱ्या, काही कोसळणाऱ्या.

मामा : कोसळतात कशा? कोण पाडतं?

भाची : बहुतेक वेळा नळीच्या बांधणीतच ते असतं. ट्युब्युलिनचा कण येताना जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू बरोबर घेऊन येतो. तो रेणू शाबूत असतो तोवर कण सरळ बसतो, रांग घट्ट राहते. बसल्यावर थोड्या वेळात तो रेणू तुटतो आणि कणाला वाकायचं असतं. पण दोन्ही बाजूंच्या रांगांनी तो दाबून धरलेला. टोकाला नवे, सरळ कण येत राहिले की त्यांचं झाकण राहतं आणि नळी टिकते. कण यायला उशीर झाला, झाकण संपलं, की टोकाच्या रांगा बाहेरच्या बाजूला वाकत उलगडतात आणि नळी टोकापासून मागे सुटत जाते.

मामा : म्हणजे प्रत्येक वीट बसवताना पैसे मोजायचे आणि वीट पडण्याची सोयही त्याच पैशात करून ठेवायची. मी महासंघाचा हिशेब बघितलाय, पोरी. असा खर्च कुणी दाखवला असता तर ऑडिटवाल्याने लाल शेरा मारला असता. रस्ता करायचा तर टिकाऊ करावा. दर पाच मिनिटांनी उखडणारा रस्ता करून त्यावरून गाडी हाकायची, ही उधळपट्टी नाही तर काय?

भाची : खर्च आहे, आणि तो कशासाठी आहे तेही सांगते. प्राण्यांच्या बऱ्याच पेशींत नळ्या एका ठरलेल्या केंद्रातून निघतात. वनस्पतीच्या पेशीत तसं केंद्र नाही, मुकादम नाही, नकाशाही नाही. पडद्याखाली जागोजागी नळ्या उगवतात, वाटेल त्या दिशेला. तरी थोड्या वेळाने त्या एकमेकींना समांतर झालेल्या दिसतात. ही शिस्त येते कुठून?

मामा : तूच सांग.

भाची : मोडण्यातून. २००४ मध्ये दीक्षित आणि सायर यांनी तंबाखूच्या पेशींत नळ्यांच्या टकरी मोजल्या. वाढती नळी दुसरीला निमुळत्या कोनात, म्हणजे साधारण चाळीस अंशांहून कमी कोनात भिडली, तर ती वळते आणि तिच्या कडेकडेने वाढायला लागते. जास्त ताठ कोनात भिडली तर पुष्कळदा तिथेच ढासळते किंवा ओलांडून पुढे जाते. आता हे शेकडो वेळा होऊ द्या. ज्यांची दिशा इतरांशी जुळते त्या वाढत राहतात, ज्या आडव्या येतात त्या मोडतात आणि त्यांचे सुटे कण दुसरीकडे कामाला लागतात. या नळ्या कायम टिकणाऱ्या असत्या तर पहिल्या तासातला गुंता जन्मभर राहिला असता. सेल्युलोज त्या गुंत्यावरून आडवंतिडवं पडलं असतं. तुमच्या चिमटीत धागा आला नसता, बोळा आला असता.

मामा : आडवा गेला तो पडला, यात शहाणपण कसलं? बहुमताची दिशाच चुकली तर?

भाची : दिशा बदलायची सोय आहे, आणि तीही तोडूनच. कॅटॅनिन नावाचं प्रथिन नळ्या छाटतं, विशेषतः जिथे एक नळी दुसरीवरून जाते तिथे. छाटलेल्या तुकड्याचं नवं टोक नव्या दिशेने वाढायला मोकळं. २०१३ मध्ये अरेबिडॉप्सिसच्या रोपांत दिसलं की निळा प्रकाश पडला की अशी छाटणी वाढते आणि आडव्या नळ्यांच्या जागी काही मिनिटांत उभ्या नळ्यांची रचना तयार होते. एक मोडली तर तिच्या तुकड्यांतून अनेक झाल्या.

मामा : शेवाळ झालं, तंबाखू झाला, अरेबिडॉप्सिस म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतलं मोहरीचं भावंड. कापूस कुठाय यात?

भाची : कापसात जिवंत पेशीतली हालचाल पाहणं अवघड. धागा बंद बोंडात असतो, हजारोंच्या गर्दीत. पण कापसाचे थेट पुरावे आहेत. बीसली आणि टिंग यांनी १९७३ मध्ये दाखवलं की कोवळी बीजांडं काढून काचेच्या भांड्यात द्रवावर तरंगत ठेवली, ऑक्झिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं दिली, तर तिथेही धागा येतो. मग त्या द्रवात काय घालायचं ते आपल्या हाती. कोल्चिसिन घातलं की नळ्या जातात आणि सेल्युलोज पडतं खरं, पण दिशा सोडून. शिवाय वेगवेगळ्या वयाची बोंडं फोडून पाहिलं की आधी नळ्या आडव्या दिसतात, पुढे तिरक्या होतात, आणि भिंत जाड व्हायला लागते तेव्हा त्यांची दाटीही वाढते. प्रत्येक टप्प्याला सेल्युलोज त्यांच्याच रोखाने.

मामा : कोल्चिसिन, कोल्चिसिन करतीस. माझ्या अंगठ्याच्या सांध्याला युरिक ॲसिडची कळ उठली की डॉक्टर जी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात, तीच का ही?

भाची : तीच. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढते, तिच्या कंदात आणि बियांत हे असतं. ती विषारी आहे ते याच्यामुळेच. ट्युब्युलिन हे प्रथिनसुद्धा त्याच्यामुळेच सापडलं. कोल्चिसिन पेशीत नेमकं कशाला चिकटतं, हे बोरिसी आणि टेलर १९६७ मध्ये शोधत होते, आणि ज्याला चिकटतं ते नळीच्या विटेचं प्रथिन निघालं. तुमच्या अंगठ्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आग पेटते. धावायला आणि आग पसरवायला त्या पेशींना नळ्यांची मोडजोड लागते. गोळी ती अडवते म्हणून ठणका उतरतो. मात्र मात्रा चुकली तर हेच औषध जिवावर उठतं.

मामा : मग कळलावी स्वतः कशी जगते?

भाची : वनस्पतीचं ट्युब्युलिन कोल्चिसिनला फार सैल धरतं. म्हणून शेतीच्या प्रयोगांत ते प्राण्यांच्या पेशींच्या शेकडो पटींनी जास्त लागतं. उलट जातीचं विष तुमच्या शेतात आहे. पेंडीमिथॅलिन.

मामा : उगवणीपूर्व तणनाशक. पेरलं की लगेच, ओलीवर मारायचं.

भाची : ते वनस्पतीच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटतं आणि प्राण्यांच्या ट्युब्युलिनला जवळजवळ नाही. उगवत्या गवताच्या मुळाच्या टोकाला नळ्या होत नाहीत, पेशी विभागत नाहीत, लांबत नाहीत. मूळ आखूड राहून टोकाला गाठ आल्यासारखं सुजतं. हे औषध मातीच्या वरच्या थरात अडकून राहतं आणि कापसाचं मूळ लवकर त्याच्या खाली उतरतं, म्हणून कापूस सुटतो. अमेरिकेत कापसाच्या शेतात या जातीच्या औषधांना न जुमानणारं एक गवत सापडलं, नाचणीच्या जवळच्या नात्यातलं. १९९८ मध्ये कारण कळलं. ट्युब्युलिनमधलं २३९ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं होतं. तेवढ्याने विष चिकटेनासं झालं.

मामा : थांब. आता तू स्वतःच्याच बोलण्यात अडकलीस. कोल्चिसिन नळ्या होऊ देत नाही, धागा बिघडतो. पेंडीमिथॅलिन नळ्या होऊ देत नाही, गवत मरतं. यातून सिद्ध काय झालं? नळ्या असल्या पाहिजेत, टिकल्या पाहिजेत. मोडणं चांगलं, हे कुठे आलं?

भाची : म्हणूनच दुसऱ्या बाजूचं विष बघा. टॅक्सॉल. यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टॅक्सॉल नळ्या मोडत नाही, उलट मोडू देत नाही. तुमच्या हिशेबाने पेशी सुखात राहायला हवी. प्रत्यक्षात तिचं विभाजन अडकतं किंवा वेडंवाकडं होतं आणि ती मरते. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर हे औषध देतात ते त्यासाठीच. सदाफुलीतून मिळणारं व्हिनब्लास्टिन नळ्या होऊ देत नाही आणि तेही कर्करोगावरच चालतं. एक नळ्या उभारू देत नाही, दुसरं उतरवू देत नाही, आणि पेशी दोन्हीकडे अडकते.

मामा : बरं. टिकवलं तरी मरण, मोडलं तरी मरण. एवढं मान्य. पण टॅक्सॉल घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, ते का?

भाची : मज्जातंतूंमुळे. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा पेशीचा लांब धागा, आत नळ्यांच्या वाटा, त्यावरून माल जातो. टॅक्सॉलने त्या वाटा बिघडतात. आणि हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे, आधीच सांगून टाकते. मज्जातंतूतल्या बऱ्याच नळ्या खूप टिकाऊ असतात, त्यांना धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं असतात. तुमच्या केसांत आणि नखांत केराटिनचे तंतू असतात, ते तर टिकण्यासाठीच आहेत.

मामा : म्हणजे पेशीलाही टिकाऊ माल करता येतो. करता येत असून ती इथे करत नाही.

भाची : इथे म्हणजे जिथे दिशा शोधायची किंवा बदलायची असते तिथे.

मामा : आता माझा खरा प्रश्न. मला शास्त्र कमी कळतं, पण परीक्षा कशी घ्यायची ते कळतं. पेशीत तोडणारी प्रथिनं असतात म्हणालीस. कापसाच्या धाग्यात असलं एखादं तोडणारं प्रथिन कमी केलं तर काय होतं? धागा सुधारतो का बिघडतो? तुझं म्हणणं खरं असेल तर बिघडला पाहिजे.

भाची : हा प्रयोग झालाय, नळ्यांवर नाही, ॲक्टिनवर. ॲक्टिन हे दुसऱ्या प्रथिनाचे तंतू, नळ्यांहून बारीक. लांबणाऱ्या धाग्यात त्यांचे जुडगे उभे, लांबीच्या दिशेने असतात आणि भिंतीचा माल वाहून नेतात. त्यांना सोडवणारं एक प्रथिन आहे, एडीएफ. चीनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये कापसात त्याचा एक जीन दाबला.

मामा : आणि?

भाची : धागा लांब झाला आणि मजबूतही झाला.

मामा : झालं तर मग! तोडणारा कमी केला, माल सुधारला. आमच्या भाषेत याला निकाल म्हणतात.

भाची : हा तुमचा गुण, लिहून घ्या. पण त्याच गटाचा पुढच्या वर्षीचा निकालही ऐका. प्रोफिलिन नावाचं प्रथिन त्यांनी वाढवलं. त्याने ॲक्टिनचे जुडगे जाड झाले, जास्त झाले, लवकर झाले. तुमच्या नियमाने धागा आणखी लांब व्हायला हवा होता. तो आखूड झाला. जाड जुडगे वेळेआधी तयार झाले, सूक्ष्मनलिकाही वेळेआधी तिरक्या वळल्या, भिंत जाड व्हायला लवकर सुरुवात झाली आणि लांबायचं राहून गेलं.

मामा : म्हणजे एकदा टिकवून फायदा, एकदा टिकवून तोटा.

भाची : म्हणून मी माझं वाक्य बदलते. मोडणं चांगलं, असं नाही म्हणणार. कुठला तंतू कधी टिकतो आणि कधी सुटतो, यावर धागा ठरतो. तोडणाऱ्या प्रथिनावर बोट ठेवून तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही. ते तारखेवर आहे.

मामा : तारखेचं मला पटतं. बोलायला तू विद्यापीठाची, पण हे तर आमच्या केंद्रावरचं ज्ञान आहे. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम उलटल्यावरही राखलेल्या झाडांचा कापूस, वाण तोच, रान तेच, आणि धाग्यात जमीन-अस्मानाचा फरक. फरदडीचं मायक्रोनेयर उतरलेलं असतं.

भाची : मायक्रोनेयर म्हणजे ठरलेल्या वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते. भिंत पातळ राहिली की ते उतरतं. साधारण ३.५ ते ४.९ मधलं चालतं, खाली गेलं की धागा कच्चा. लांबणं साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकतं. त्याच्या जरा आधीपासून, सोळा ते वीस दिवसांच्या सुमारास, नळ्या तिरक्या व्हायला लागतात आणि भिंत भरायला सुरुवात होते. पुढचे तीनेक आठवडे फक्त भरणी. फरदडीच्या बोंडात ही भरणी थंडीच्या रात्रींत सापडते आणि सेल्युलोज तयार होणं मंदावतं. लांबी आधीच झालेली असते, म्हणून लांबी बरी दिसते आणि आत भरणी नसते.

मामा : बरोबर. असा कापूस दिसायला लांब, पण कातताना गाठी पडतात आणि रंग नीट धरत नाही.

भाची : आणखी एक गोष्ट तुमच्या चिमटीतली. वाळलेला धागा सरळ नसतो, पिळलेला असतो.

मामा : पीळ असतो म्हणून तर सूत होतं. धागे एकमेकांत अडकतात. सावरीचा कापूस मऊ आणि चमकदार, पण गुळगुळीत. उशीत भरा, कातायला जाऊ नका.

भाची : तो पीळ सूक्ष्मनलिकांनी दिलाय. भिंत भरताना सेल्युलोजचं मळसूत्र एका दिशेने जातं, मध्येच उलट्या दिशेला फिरतं, पुन्हा सुलट होतं. एका धाग्यात असं अनेकदा. त्या उलटण्याच्या जागांवर खालच्या नळ्याही तशाच वळलेल्या सापडल्या आहेत. बोंड फुटलं, पेशी मेली, आतलं पाणी गेलं, की पोकळ धागा चपटा होतो आणि त्या मळसूत्राच्या रोखाने पिळतो. मळसूत्र उलटलं तिथे पीळही उलटतो. नळ्या तोवर नाहीशा झालेल्या असतात. तुम्ही नोकरीभर जी प्रत लावलीत ती त्यांच्या हालचालींची होती.

मामा : शब्द चांगले जुळवतीस. पण माझी एक अडचण राहते. जिनिंगला गाठ १७० किलोचीच बांधतात, आणि गिरणीवाला लांबी, ताकद, मायक्रोनेयर बघून भाव करतो. तुझ्या नळ्या कुठल्या दिवशी वळल्या यासाठी तो रुपया देणार नाही. नवं वाण काढणाऱ्यालाही शेवटचा धागा मोजूनच निवड करावी लागते. शंभर वर्षं अशीच चांगली वाणं निघाली, नळ्यांचं नाव न घेता.

भाची : अगदीच नाव न घेता नाही. आपला देशी कापूस २६ गुणसूत्रांचा, अमेरिकन ५२ चा, त्यांच्या संकराला बी धरत नाही. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी दाखवलं की कोल्चिसिनने विभाजनाच्या वेळच्या नळ्या मोडल्या की गुणसूत्रं वाटली जात नाहीत, दुप्पट होऊन एकाच पेशीत राहतात. १९४० मध्ये बीसली आडनावाच्याच दुसऱ्या एका संशोधकाने आशियातला कापूस आणि अमेरिकेतला रानकापूस यांच्या वांझ संकराची गुणसूत्रं अशी दुप्पट केली आणि तो सुपीक झाला. अमेरिकन कापूस अशाच दोन कुळांच्या मिलनातून आला असावा, या तर्काला त्यातून बळ मिळालं. योग्य घटकेला मोडलेल्या नळ्यांनीच ती वाट उघडली.

मामा : ते झालं संकराचं. मी रोजच्या निवडीचं बोलतोय.

भाची : रोजच्या निवडीतही फरक पडेल. समजा दोन वाणं, दोन्हींचा धागा २९ मिलिमीटरचा. एक भराभर लांबतं आणि भरणीकडे लवकर वळतं. दुसरं सावकाश लांबतं, उशिरा वळतं. चांगल्या सालात तुमच्या चिमटीला दोन्ही सारखी. पाऊस लांबला, फुलं उशिरा आली, थंडी लवकर पडली, तर उशिरा वळणारं वाण मायक्रोनेयरला मार खाईल. शेवटचा धागा मोजून हे आधी कळणार नाही. नळ्या कोणत्या दिवशी वळतात हे पाहिलं तर कळेल.

मामा : हे मात्र ऐकण्यासारखं आहे. पण हे तुझं अनुमान, का मोजलेलं?

भाची : दोन टप्पे मोजलेले आहेत, नळ्या वळतात तेही पाहिलेलं आहे. वाणावाणांतल्या तारखेच्या फरकाने असा तोटा होईल, हे माझं अनुमान. ते तपासायला उमललेल्या फुलाला त्या दिवसाची चिठ्ठी बांधायची, आणि बाराव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत बोंडं काढून नळ्यांची दिशा बघायची.

मामा : मग आपल्या रानात बांध चिठ्ठ्या. दोन वाणं मी लावून देतो, एकाच दिवशी, एकाच खतावर. तू नळ्या वळण्याची तारीख कागदावर लिहून पाकीट बंद करून ठेव. शेवटच्या वेचणीचा कापूस मी हाताने ओढून बघतो आणि गिरणीत मायक्रोनेयर काढून आणतो. माझा आकडा आल्यावर पाकीट फोडायचं. जुळलं तर तुझं खरं. नाही जुळलं तर सेंट्रिंग ते सेंट्रिंगच.

भाची : नाही जुळलं तर माझं तारखेचं अनुमान चुकलं, एवढंच ठरेल. मग मला दुसरं कारण शोधावं लागेल, आणि तेही बोंड बंद असतानाचंच असेल. फुटल्यावर तुम्ही फक्त मोजता, मामा.